डोकं सांभाळा

या. डोकं सांभाळा.
हा दरवाजा मुद्दाम बुटका ठेवलाय,
शत्रू आला तरी वाकून यावा म्हणून.
शत्रू काही आला नाही.
गेल्या सोमवारी दिजोंचा एक दंतवैद्य आला,
त्याच्या कपाळाला आयोडीन मीच लावलं.

मी जिस्लेन. एकतीस वर्षं ह्या खोऱ्यात टपाल वाटलं,
आता एप्रिल ते ऑक्टोबर खोल्या दाखवते.
पाटीवर ‘शातो’ लिहिलंय.
खाली गावात आम्ही नुसतं ‘वर’ म्हणतो.
वर दिवा दिसतोय.
वर कुणीतरी गेलं.
वर अक्रोड झोडायला माणसं हवीत.

हा दिवाणखाना.
छतावरच्या देवता बघून घ्या, तीन आहेत,
चौथी पाझरली. तिच्याखाली बादली आहे,
पाय लागू देऊ नका.
राजा इथे एक रात्र झोपला म्हणतात.
ह्या नदीकाठच्या इतक्या गढ्यांत राजे एकेक रात्र झोपलेत
की राज्य केलं कधी, देव जाणे.

फोटो काढा की. फ्लॅश तेवढा नको,
पडदे माझ्याहून थकलेत.

आता खाली. एकवीस पायऱ्या.
बघा, झिजल्यात त्या बरोबर मधोमध.
दोन्ही हातांत हंडे असले
की भिंतीचा आधार घेता येत नाही.

इथे मी जरा थांबते.
पुस्तिकेत ह्या खोलीला दोनच ओळी दिल्यात.
ही धुण्याची खोली. ही भट्टी, हा राखेचा हौद.
वर्षातून दोनदा चादरी उकळायच्या,
सगळं खोरं तीन दिवस ओल्या राखेचा वास घ्यायचं.

क्रांतीच्या साली माणसं मशाली घेऊन वर चढली
तेव्हा धनी इथे होते, त्या मेजाखाली.
त्या साली डोकी सांभाळणं सोपं नव्हतं.
पेरॉन परटिणीनं त्यांना ओल्या चादरीत गुंडाळलं,
ढकलगाडीत टाकलं, वर आणखी सात चादरी,
आणि मशालींच्या मधून
गाडी ढकलत नदीकडे निघाली.
कुणीतरी हटकलं, काय गं आहे त्यात?
‘वरचा मळ,’ ती म्हणाली.
खोटं बोलली नाही.

धनी वाचले. बारा वर्षांनी परतले, थोडे जाड होऊन.
त्या काचेखाली त्यांची हिशेबाची वही आहे.
समिती तिचं बागेचं पान उघडून ठेवते,
रंगीत नकाशा आहे, लोकांना आवडतो.
मी रोज सकाळी हे पान काढते:
‘पेरॉन. मजुरीतून वजा. चादर, एक. फाटलेली.’

हसा, हसा. मीही हसले होते पहिल्यांदा.
मग रात्री घरी एकटीच चादरीची घडी घालायला बसले,
टोकाला टोक लागेना.

ह्या बाई विचारताहेत, ती माझी कोण?
आडनाव एक आहे.
पण ह्या गावात अर्ध्या टपालपेट्यांवर तेच आडनाव,
मला विचारा, किती पत्रं चुकीच्या घरी टाकलीत ती.
एकदा तर एक प्रेमपत्र.
त्यातून लग्न झालं, ते वेगळं.

पाच वाजले.
ही किल्ली बघा, हातभर लांब, मुलांना धरू द्या.
ती कुठल्याच कुलपाला लागत नाही.
खरं कुलूप हे, आठवडी बाजारातलं, नऊ युरोंचं,
त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

मोठ्या फाटकानं नको, ते फक्त लग्नांना उघडतं.
आपण परटिणींच्या दारानं खाली उतरू.
ह्याची चौकट उंच आहे,
डोक्यावर गठ्ठे घेऊन बायका जायच्या ना.
नको, नको, वाकू नका. ताठ चला.
फक्त पायाखाली बघा,
अक्रोड पडलेत.